कागदाचा हातमोजा

हेझलच्या झुडपाच्या ओल्या फांद्या वाकवून कडं बांधायचं, त्यावर पांढऱ्या कागदाची फुलं दाटीने चिकटवायची आणि खाली कागदाचेच हातमोजे लटकवायचे, हे काम एनिड नॉयस लहानपणी आईशेजारी बसून शिकली होती. वेदरकोट गावात ते येणारी आता ती एकटीच उरली होती. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फुलं कातरत होती आणि दोन दिवसांपूर्वी वारलेल्या मैत्रिणीला मनापासून शिव्या घालत होती.

"अडकवलंस ना मला, ऑलिव्ह," ती कात्रीकडे बघत म्हणाली. "स्वतः सुटलीस आणि मला बसवलंस कागद कापत."

हा मुकुट ऑलिव्ह स्पार्शॉटच्या शवपेटीपुढे न्यायचा होता. वेदरकोटची रीत तशी होती. गावात जन्मलेली, सेंट ऑल्डहेल्मच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली बाई लग्नाशिवाय आणि निष्कलंक नावाने वारली, की तिच्या मानाचा हा कागदी मुकुट. दफन झालं की तो सज्जावरून दोरीने खाली सोडायचा, दोन्हीकडच्या बाकांच्या मधोमध, इतका खाली की उंच माणसाला मान वाकवून जावं लागे. तीन रविवार तो तिथे राहायचा. बाईच्या चारित्र्याबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याने सगळ्यांदेखत पुढे यायचं, मुकुटाचा एक हातमोजा ओढून काढायचा आणि काय ते तोंडाने सांगायचं. तीन रविवार कुणी पुढे आलं नाही, तर मुकुट दक्षिणेकडच्या भिंतीवर चढायचा. तिथे लोखंडी खुंट्यांची रांग होती, प्रत्येक खुंटीखाली लाकडाची छोटी ढाल आणि ढालीवर नाव. कागदाचा भुगा होईपर्यंत मुकुट तिथून हलत नसे.

या चर्चने काय काय पाहिलं होतं. भिंतींवरच्या रंगीत संतांना एका राजाच्या माणसांनी चुना फासला. दुसऱ्या राजाशी भांडणाऱ्या शिपायांनी आत घोडे बांधले आणि खिडक्यांच्या काचा फोडल्या. मनोऱ्यावर वीज पडली, छपराचं शिसं दोनदा चोरीला गेलं. मुकुटांना मात्र कुणी हात लावला नाही. संतांशी भांडणं सोपं असतं, गावातल्या बायकांशी भांडायची छाती एकाही राजाला झालेली दिसत नाही. सगळ्यांत जुने मुकुट आता गांधीलमाशीच्या पोळ्यासारखे करडे पडले होते आणि जोराने दार लागलं की त्यांतून धूळ गळायची.

त्या रांगेत एक खुंटी रिकामी होती. तिच्याखालच्या ढालीवर 'सुझन रीव्ह' असं नाव अजून वाचता येत होतं. दोनशे वर्षांपूर्वी तिसऱ्या रविवारी कुणीतरी सुझनचा हातमोजा ओढला. कुणी ओढला, काय सांगितलं, ते कुणालाच ठाऊक नाही. मुकुट बाहेर यू वृक्षाखाली जाळला, एवढंच गावाच्या लक्षात राहिलं. लहानपणी रविवारच्या शाळेत बाकीच्या मुली त्या खुंटीकडे बघायचं टाळायच्या. ऑलिव्ह मुद्दाम तिच्यासमोरच्या बाकावर बसायची. "या सगळ्याजणींपेक्षा मला सुझनलाच भेटायला आवडेल," असं ती म्हणाली होती, तेव्हा बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं.

आता असा मुकुट गावात एक पिढीभर झाला नव्हता. शेवटचा एनिडच्या मावशीचा. त्यानंतर बायका लग्नं करू लागल्या, नाहीतर शहरात जाऊ लागल्या, आणि उरलेल्यांच्या निष्कलंकपणाबद्दल चौकशी न केलेली बरी, असं गावाचं मत होतं. त्यामुळे ऑलिव्ह वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एनिडचा चहा किटलीत मुरायच्या आत, नवीन पाद्री रेव्हरंड हॅलम दारात उभा होता. पोरगेलासा माणूस, मोठ्या शहरातून आलेला. आल्यापासून चर्चचा इतिहास लिहायच्या मागे लागला होता. दिसेल त्या दगडापाशी थांबून त्याचं वय विचारायची त्याला सवय होती.

"मिस नॉयस, फार वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. मग जरा घुटमळून, "मिस स्पार्शॉट इथल्याच. बाप्तिस्मा इथलाच. लग्न केलं नाही. म्हणजे मुकुट... नाही का?"

"हल्ली कुणी करत नाही ते."

"म्हणून तर! आणि तुमच्याशिवाय कुणाला येतही नाही, असं पोस्टातल्या डोरीनबाई म्हणाल्या."

"ऑलिव्हला असला थाटमाट आवडायचा नाही."

"नम्र होत्या हो फार. नम्र माणसांचं आपण ऐकायचं नसतं." तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "काही अडचण आहे का?"

तीच वेळ होती. अडचण आहे म्हटलं असतं तर तिथेच विषय मिटला असता. पण मग कोणती अडचण, हे विचारायला तो मोकळा होता, आणि मुकुट नाही म्हटल्यावर गावाने जो तर्क करायचा तो केलाच असता. नाही म्हणणं म्हणजेच सांगणं होतं. एनिडने खिडकीबाहेर पाहिलं.

"फांद्या चांगल्या ओल्या आहेत सध्या," ती म्हणाली. "बघते."

वेदरकोटमध्ये 'बघते' म्हणजे हो.

आता अडचण काय ते सांगायला हवं. नाताळ झाल्यावर एनिड ऑलिव्हला बघायला हॉस्पिटलात गेली होती. ऑलिव्ह उशांना टेकून बसली होती, अंगाची काडी झाली होती, पण जीभ शाबूत होती.

"एनिड, मी गेल्यावर हे लोक माझ्या नावाने कागद कापणार," ती म्हणाली. "मुकुट करतील माझा. केला, तर तू हातमोजा ओढायचास."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तूच ओढायचास. डोरीनने नाही."

"म्हणजे तू मेल्यावर मी तुझी अब्रू वेशीवर टांगू? सगळ्या गावासमोर?"

"माझी अब्रू राहू दे गं. त्याचं बघ." ऑलिव्हने जरा दम खाल्ला. "रॅल्फला मी दोनदा नाकारलंय. एकदा त्याच्या दफनाला. त्याच्या मेव्हणीने विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, वेदरकोटच्या चर्चतर्फे आलेय. एवढंच म्हटलं, एनिड. चर्चतर्फे! आणि त्याच संध्याकाळी बसथांब्यावर डोरीनने विचारलं, कुठे गेली होतीस? तर म्हटलं, दंतवैद्याकडे. आता तिसऱ्यांदा नाकारू? भिंतीवर, नावासकट, कायमचं? पीटरने येशूला तीनदा नाकारलं तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला. माझ्यासाठी तू आरव."

दोघी हसल्या. मग ऑलिव्ह हसायची थांबली आणि एनिडच्या तोंडाकडे बघत राहिली. एनिड म्हणाली, "बरं." आजारी माणसाला बरं म्हणावं तसं म्हणाली. पण ऑलिव्हने ते पक्कं धरलं आणि डोळे मिटले.

रॅल्फ गॅरट हा चर्चमधल्या नळ्यांच्या मोठ्या ऑर्गनचा सूर लावणारा. शहरातून यायचा, छोट्या मोटारीतून, हत्यारांची चामडी पिशवी घेऊन. ऑर्गन एकट्याने लावता येत नाही. सूर लावणारा आत नळ्यांच्या जंगलात शिरतो आणि बाहेर कुणीतरी बसून तो सांगेल ती पट्टी दाबून धरावी लागते. "पुढची," असा आतून आवाज आला की पुढची. ऑलिव्ह गावच्या शाळेत शिकवायची, चर्चच्या शेजारीच राहायची, तेव्हा पट्ट्या दाबायचं काम तिच्याकडे आलं. पहिली दोन वर्षं त्यांचं 'पुढची' याखेरीज काही बोलणं झालं नसावं. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती, वर्षानुवर्षं. तिला सोडायचं त्याच्या मनात आलं नाही आणि आलं असतं तर ऑलिव्हनेच त्याला दारातून परत पाठवलं असतं. जे होतं ते या चर्चपासून ऑलिव्हच्या घरापर्यंत होतं आणि ते वीस वर्षं होतं.

हे जगात फक्त एनिडला माहीत होतं. निदान एनिडची तशी समजूत होती.

पहिल्या रविवारी मुकुट दोरीवर हलकेच गिरक्या घेत होता. प्रार्थना संपल्यावर रेव्हरंड हॅलमने जुन्या रीतीने विचारलं, "ऑलिव्ह स्पार्शॉटच्या नावाबद्दल कुणाला काही म्हणायचं आहे का?" कुणी हललं नाही. एनिडही हलली नाही. आज नाही ओढला हातमोजा तर काय बिघडतं, अजून दोन रविवार आहेत, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

घरी येऊन चहा ओतताना तिला एक गोष्ट कबूल करावी लागली आणि ती काही भूषणावह नव्हती. तो मुकुट भिंतीवर चढावा असं तिला वाटत होतं. नुसतं ऑलिव्हची अब्रू राहावी म्हणून नव्हे. आपला मुकुट कधीतरी त्या रांगेत लागेल, तो ऑलिव्हच्या शेजारी लागावा, म्हणजे दोघी पुन्हा एका बाकावर बसल्यासारखं होईल. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, तिला ऑलिव्हचा राग येत होता. ऑलिव्हला माणूस मिळाला. एनिडला कुणी विचारलंच नाही; निष्कलंक राहण्यात तिने कर्तबगारी काय ती केली? आणि आता तिला मिळालेल्या माणसाचं नाव एनिडनेच चर्चमध्ये उभं राहून घ्यायचं!

दुसऱ्या रविवारी ती उठणार होती. तिने नवीन मोजे घातले होते, कोटाची बटणं लावून ठेवली होती. पाद्र्याने विचारलं, आणि तिचे गुडघे जागचे हलेनात. सगळे बाहेर पडल्यावर ती भजनांची पुस्तकं कपाटात लावायला थांबली. पर्सी डाऊसही थांबला होता. पर्सी चर्चचा जुना कारभारी, चाळीसेक वर्षं चर्चच्या तिजोरीवर बसलेला. एनिडला वाटलं, आधी याच्या कानावर घालावं. हा शहाणा आहे.

"पर्सी, त्या मुकुटाबद्दल जरा बोलायचं होतं."

"दोरी पक्की आहे. मीच बांधलीय."

"दोरीचं नाही म्हणत मी. ऑलिव्हबद्दल."

पर्सीने हातातलं पुस्तक उलटं ठेवलं, मग सुलटं ठेवलं. "वारा पूर्वेचा फिरलाय बघ," तो म्हणाला. "कोकरांना बाधायचा." आणि टोपी घेऊन निघून गेला. बाहेर वाराच नव्हता.

त्या आठवड्यात एनिड चर्चमध्ये फुलदाण्या धुवायला गेली, तेव्हा रेव्हरंड हॅलम शिडीवर चढून भिंत मोजत होता.

"मिस नॉयस, बरं झालं आलात!" तो वरून म्हणाला. "ही मधली रिकामी खुंटी फार खटकते. ऑलिव्हबाईंचा इथेच लावला तर? रांग कशी भरल्यासारखी दिसेल. ढाल तेवढी बदलू."

"तिथे नको!" एनिड इतक्या जोरात म्हणाली की तिलाच दचकायला झालं. "ती सुझनची आहे."

"पण सुझनचा तर जाळला ना?"

"जाळला म्हणून काय खुंटी कुणाचीही होते का?"

पाद्री खाली उतरला आणि हात झटकत खुंटीकडे बघत राहिला. "कुणी ओढला असेल हो तिचा हातमोजा? मी फार विचार करतो यावर. हेवा करणारी शेजारीण? एखादा नाकारलेला माणूस?"

"मैत्रीण असेल," एनिड म्हणाली.

"छे. मैत्रीण कशाला असं करेल?"

एनिड फुलदाणी धूत राहिली. आयुष्यभर तिने सुझनवर कुणीतरी सूड उगवला असंच धरलं होतं. सुझननेच कुणाच्या तरी कानात सांगितलं असेल, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं. त्या दुसऱ्या बाईला काय वाटलं असेल? तिचेही गुडघे असेच दोन रविवार जागचे हलले नसतील का?

तिसऱ्या रविवारी चर्च भरलं होतं. मुकुट चढताना बघायला शेजारच्या गावातूनही लोक आले होते. ऑर्गन वाजला, पण भजनाच्या मधल्या सुरांत एक नळी भसाडी ओरडत होती. रॅल्फ गेल्यापासून तिला हात लावलेला नव्हता. एनिड पुढून तिसऱ्या बाकावर होती, शेजारी डोरीन पुक. डोरीन पोस्ट ऑफिस सांभाळायची आणि गावातलं प्रत्येक पाकीट उजेडाला धरून बघते असा तिच्यावर आरोप होता. ती फक्त हसून तो नाकारायची.

पाद्र्याने विचारलं. आवाज उत्साहाने थरथरत होता. पर्सी भिंतीजवळ शिडी घेऊन उभा होता आणि त्याचा दुसरा हात दोरीच्या गाठीकडे गेलासुद्धा होता.

एनिड उठली.

"अगं, बस," डोरीन कुजबुजली आणि तिने एनिडच्या कोटाचं टोक धरलं. "एनिड, बस म्हणते ना."

एनिडने कोट सोडवून घेतला. मुकुटापर्यंत जायला फार अंतर नव्हतं. तिने एक हातमोजा धरून ओढला, पण तो तिनेच चिकटवलेला होता आणि तिचं काम पक्कं असायचं. सगळा मुकुट हेलकावला, दोन फुलं खाली पडली, हातमोजा काही येईना. मागे कुणीतरी खोकलं. दुसऱ्यांदा ओढल्यावर तो फाटून हातात आला.

"ऑलिव्हने सांगितलं होतं म्हणून ओढलाय," ती म्हणाली. "तिच्या नावाला डागबिग काही नाही. पण हा मुकुट तिचा नाही. तिला नको होता. तिचं एका माणसावर प्रेम होतं. नुसतं लांबून नव्हे. वीस वर्षं. त्याचं नाव रॅल्फ गॅरट. आपला ऑर्गन लावायला यायचा तो. झालं. एवढंच सांगायचं होतं."

आता काहीतरी कोसळेल म्हणून ती थांबली. काहीच कोसळलं नाही. लोक आपापल्या हातांकडे बघत होते. पाद्र्याचं तोंड तेवढं उघडं राहिलं होतं.

शेवटी पर्सीने शिडी भिंतीला टेकवली. "एनिड," तो म्हणाला, "आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सगळंच. अगं बाई, ऑर्गन वर्षातून दोनदा लावतात. आपला दर दोन महिन्यांनी लागायचा. बिलं कोण मंजूर करत होतं? मीच ना? शहरातल्या कॅथीड्रलचा ऑर्गनसुद्धा आपल्याइतका सुरात नसायचा."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू सगळ्या चर्चभर पसरलं.

"आणि दंतवैद्य!" डोरीन उभी राहून म्हणाली. आता तिलाही धीर आला होता. "बुधवारी दंतवैद्य बसतच नाही मुळी. आणि काळा कोट, काळी टोपी घालून कोण दात दाखवायला जातं? पण मी काही बोलले का? एक अक्षर नाही बोलले!"

"म्हणून तर तीन रविवार आम्ही सगळे गप्प बसलो," पर्सी म्हणाला. "कुणी ठरवलं नव्हतं. पण तिच्यासाठी एवढं तरी करावं, असं प्रत्येकाला वाटलं."

एनिडला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. चांगली माणसं होती. एका बाईचं गुपित एवढ्या वर्षांत एकाने फोडलं नव्हतं. पण हायसं वाटायच्या ऐवजी तिला राग आला, आणि तो आला तेव्हा तिला त्याचं कारणही समजलं नाही. बोलायला लागल्यावर समजलं.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

"हो."

"मग त्याच्या दफनाला तिच्याबरोबर कुणी का गेलं नाही?"

डोरीन पुन्हा बाकावर बसली.

"एकटी बसमधून गेली. शेवटच्या बाकावर एकटी बसली. आपण चर्चतर्फे आलोय म्हणाली, आणि एकटी परत आली. डोरीन, तू तिला थांब्यावर पाहिलंस, काळ्या कोटात. तुला कळलं होतं ती कुठून आली. तरी तू दंतवैद्याचं निमित्त ऐकून घेतलंस." एनिडच्या हातातला कागद चुरगळला होता. "आणि मी! मी तर कोपऱ्यावरच राहते. मी बरोबर गेले तर तुम्हाला संशय येईल म्हणून मी गेले नाही. घरात पडदे लावून बसले. आणि तुम्हाला तर ठाऊकच होतं!"

पर्सी टोपी काढायला गेला, पण चर्चमध्ये ती आधीच काढलेली असल्यामुळे त्याचा हात नुसताच डोक्यावरून फिरला.

"मला वाटलं," डोरीन हळूच म्हणाली, "तिला आवडणार नाही. कुणी विचारलेलं."

"मलाही तेच वाटलं," एनिड म्हणाली.

मग रेव्हरंड हॅलमने घसा साफ केला. बिचाऱ्याच्या हातात त्याच्या इतिहासाचे कागद होते आणि यातलं काही त्यात नव्हतं.

"रीतीप्रमाणे," तो चाचरत म्हणाला, "हातमोजा ओढला की मुकुट उतरवायचा आणि... म्हणजे जुन्या काळी जाळायचे. मला जाळायचा नाहीये. पण निष्कलंकांच्या रांगेतही तो कसा..."

"जाळणाऱ्याने आधी माझ्याशी गाठ घ्यावी," पर्सी म्हणाला.

"जाळायचा नाही," एनिड म्हणाली. "तिथे लावा." तिने बोट दाखवलं ते रिकाम्या खुंटीकडे.

"पण मिस नॉयस, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, ती सुझनची आहे."

"सुझनचीच आहे. तिचं नाव काढू नका. त्याच्याखाली ऑलिव्हचं लिहा."

पाद्र्याने पर्सीकडे पाहिलं. पर्सीने दोरीची गाठ सोडली आणि शिडी उचलली. पाद्री स्वतःच वर चढला, कारण पर्सीचा गुडघा आता शिडीचा राहिला नव्हता. मुकुट खुंटीवर अडकवताना त्यातून एक हेझलची काडी कुरकुरली. "अंमळ डावीकडे," एनिड खालून म्हणाली. "आणखी थोडा. आता बरोबर." एका बाजूचा हातमोजा नसल्यामुळे मुकुट किंचित कलता राहिला होता. तो सरळ करायला कुणी सांगितलं नाही. फाटलेला हातमोजा तिने घडी करून पर्समध्ये ठेवला.

लोक हळूहळू बाहेर पडले. सभागृहात चहा आणि बियांचा केक होता, नेहमीसारखा. एनिड मागे राहिली आणि खुंटीसमोरच्या बाकावर बसली, ऑलिव्ह लहानपणी बसायची त्याच. आता हे सगळे तिकडे चहा पिताना कोकरांबद्दल बोलतील आणि उद्या सकाळी आपल्याशी अगदी नेहमीसारखे वागतील, हे तिला ठाऊक होतं. त्याचीच तिला धास्ती वाटत होती.

बूट वाजले. डोरीन चहाला गेली नव्हती. ती येऊन एनिडच्या शेजारी बसली, अगदी लागून, पर्स मांडीवर घेऊन. दोघी मुकुटाकडे बघत बसल्या. एनिड वाऱ्याची वाट बघत होती. पर्सीसारखीच वारा कुठून आहे ते आता हीही सांगणार.

"एनिड," डोरीन म्हणाली, "कसा होता गं तो?"

"कोण?"

"रॅल्फ. मी त्याला लांबूनच पाहिलेला. कसा होता?"

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि ऑलिव्हला तर कधीच नाही.

"उंच होता," ती म्हणाली. "फार वाकून चालायचा. नळ्यांमधून बाहेर आला की त्याच्या केसांत कोळिष्टकं अडकलेली असायची, त्याला ती दिसायची नाहीत. मग ऑलिव्ह त्याला इथेच बसवायची, या बाकावर, आणि एकेक करून काढायची."

डोरीनने बाकाच्या लाकडावर हात ठेवला. "आणि मग?" ती म्हणाली.